वाढत्या अंगाची होडी

मुलांच्या कुठल्याही खरेदीला निघताना आपल्या घरातून एक मंत्र म्हटला जातो : "वाढत्या अंगाचं घ्या हो!" शाळेचा गणवेश शिवताना शिंपी न सांगता पँटच्या टोकाला चार बोटे कापड आत दुमडून ठेवतो. बुटांच्या टोकात कापसाचे बोळे जातात. सायकल घ्यायची ती दहावीपर्यंत पुरेल अशी. मग सहावीतले चिरंजीव तिच्या नळीखालून पाय घालून ती चालवणार. यात कंजूषपणा नाही, हिशेब आहे. मूल वाढणारच, पगार मात्र त्याच्या वेगाने वाढणार नाही, हे आपल्या आयांना पक्के ठाऊक होते. त्या हिशेबावर आपण सारे वाढलो आणि आपले फारसे काही बिघडले नाही.

पण हा मंत्र जिथे चालत नाही, इतकेच नव्हे तर जिथे तो उलटतो, अशी एक वस्तू अलीकडे मुलांच्या मागण्यांच्या यादीत येऊन बसली आहे. तिचे नाव कयाक.

ती यादीत कशी आली हे शोधायला फार लांब जायला नको. नाताळच्या सुट्टीत मंडळी तारकर्लीला नाहीतर गोव्याला जातात. तिथल्या खाडीत तासाच्या भाड्याने कयाक मिळते. अर्धा तास वल्हे मारून आलेली तेरा वर्षांची कन्या परतीच्या प्रवासात मोटारीत अगदी गप्प बसते, आणि पनवेल आले की हळूच विचारते, "आई, आपण अशी एक घ्यायची का?" ज्यांचे मामा-काका कॅनडात किंवा न्यूझीलंडात आहेत, त्यांच्याकडे तर मामेभावांचे नि चुलतभावांचे फोटोच येऊन पडतात. पाच-सहा वर्षांच्या लेकराला 'नको' म्हणणे सोपे असते. अकरा ते पंधरा या वयातल्या मुलांना 'नको' म्हटले की कारण द्यावे लागते, आणि 'हो' म्हटले की होडी निवडावी लागते. पहिल्या कामाचा आपल्याला भरपूर सराव आहे. दुसऱ्यात आपण सारेच नवखे. म्हणून यंदा या सदरात हा विषय.

कयाक म्हणजे लांब, निमुळती, दोन्ही टोकांना टोकदार अशी हलकी होडी. बसायचे ते तोंड पुढे करून, पाय लांब सोडून. आणि हातात एकच वल्हे, त्याला दोन्ही टोकांना पाती. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, अशी होडी पुढे सरकते. आपल्या कोकणातल्या लहान होडीला एका बाजूला उलांडी असते, तोल ती सांभाळते. कयाकला उलांडी नाही. तिचा तोल बसणाऱ्याच्या कमरेत असतो. म्हणून होडी आणि कंबर यांची सोयरीक जमली पाहिजे, ही या वस्तूची पहिली अट.

ही अट ज्यांनी घातली ते लोक उत्तर ध्रुवाकडचे. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांच्या कयाकची प्रसिद्धी साऱ्या जगात आहे. वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा बांधायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, आणि बर्फासारख्या पाण्यात सीलच्या मागे जायचे. अशा पाण्यात होडी उलटणे म्हणजे जिवाशीच गाठ. म्हणून होडी बाजारातून आणायची सोय तिथे असती, तरी त्यांनी ती आणली नसती. ज्याची होडी त्याच्याच अंगाचे माप घेऊन ती बांधायची. ते माप असे सांगतात : लांबी त्याच्या तीन वावांची, म्हणजे दोन्ही हात पसरून जेवढे अंतर होते त्याच्या तिप्पट, रुंदी त्याच्या कमरेएवढी आणि वर दोन मुठी, खोली एक मूठ आणि ताणलेला अंगठा. आपल्याकडे वीत, हात, चार बोटे ही मापे होती, तसाच हा प्रकार. मुलगा शिकायच्या वयाचा झाला की त्याची होडी त्याच्या मापाची, लहानशी. बापाची होडी त्याला देऊन 'वाढशील तसा तीत मावशील' असे म्हणण्याची पद्धत तिथे नव्हती.

त्याच लोकांची दुसरीही एक होडी होती, उमिआक. ती मोठी, उघडी. मुक्काम हलवायचा झाला की पोरेबाळे, कुत्री, तंबू, भांडीकुंडी असे सगळे बिऱ्हाड तीत भरायचे, आणि ग्रीनलंडमध्ये ती वल्हवायच्या बायका. म्हणजे कुटुंबाची होडी निराळी आणि एकट्याची निराळी, हा भेद त्यांनी प्रथमपासून केला होता. तो ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

हीच कयाक पुढे युरोपात हौसेची वस्तू झाली. जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश बॅरिस्टराने १८६५ साली 'रॉब रॉय' नावाच्या पंधरा फुटी होडीतून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हापासून या छंदाला बहर आला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती आल्या. १९७० नंतर प्लास्टिकच्या एकसंध होड्या साच्यातून निघू लागल्या. त्या दगडावर आपटल्या तरी फुटत नाहीत आणि त्यांना रंगरोगण लागत नाही. सोय झाली, मात्र साच्याला कोणाचे अंग ठाऊक नसते. माप घेण्याचे जे काम पूर्वी होडी बांधणारा करी, ते आता घेणाऱ्याच्या गळ्यात आले.

आणि घेणारा आला की मंत्र आला. दुकानात किंवा मोबाईलवर चित्रे पाहताना बाबांचे बोट हमखास मोठ्या, रुंद होडीवर थांबते. त्यांचा विचार असा की रुंद होडी डुलत नाही, शिवाय पोरगा कॉलेजात जाईपर्यंत पुरेल, शिवाय प्रसंगी आपल्यालाही बसता येईल. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही निवड चुकीची आहे.

मोठ्या माणसांच्या साध्या कयाकची रुंदी २८ ते ३२ इंच असते. तीत पावणेपाच फुटांचे मूल बसवून पाहा. मोठ्या जेवणाच्या टेबलाशी उशी न देता बसवलेल्या लहानग्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. कडा काखेशी येतात, कोपरे पंखासारखी वर उचलावी लागतात, आणि वल्ह्याचे पाते पाण्याला लागण्याआधी दांडा कडेवर आपटतो. दहा मिनिटांत खांदे भरून येतात, आणि 'याला काही जमत नाही' असा शेरा काठावरून मिळतो. न जमण्याचा दोष मुलाचा नसून टेबलाचा असतो.

याहून गंभीर गोष्ट वजनाची. शंभर-सव्वाशे किलो पेलणाऱ्या होडीत अडतीस किलोचे मूल बसले तर होडी पाण्यात नीट बसतच नाही. बुचासारखी वरवर तरंगते. पाण्यावर राहिलेला तिचा सारा अंग-भाग मग वाऱ्याच्या ताब्यात जातो. सकाळी आरशासारखे पाणी असते तोवर हे कळत नाही. दुपारी वारा सुटला की ती होडी मुलाचे ऐकत नाही, वाऱ्याचे ऐकते. आणि वाऱ्याला घरी परतायची घाई नसते. 'मोठी म्हणजे सुरक्षित' हे गणित इथे उलटते ते असे.

मग माप काय असावे? साडेचार ते पाच फूट उंचीच्या आणि पस्तीस ते पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलासाठी साधारण नऊ-दहा फूट लांब आणि २४ ते २६ इंच रुंद होडी बरी. वजन पंधरा किलोच्या आसपास किंवा कमी. मोठ्यांची वीस-पंचवीस किलो भरते. होडीचे एक टोक उचलून मुलाला ती काठापर्यंत ओढत नेता आली पाहिजे. ज्याला आपली होडी स्वतः हलवता येत नाही, त्याला दर वेळी बाबांची रजा लागते, आणि मग होडी वर्षातून दोनदाच पाण्याला लागते. वल्हेही त्याच मापाचे : दोनशे ते दोनशे दहा सेंटिमीटर, उंची साडेचार फुटांहून कमी असेल तर त्याहून आखूड; दांडा मुठीत मावेल असा बारीक, पाती लहान. मोठ्यांचे वल्हे लहान हातात देणे म्हणजे बालवाडीतल्या मुलाला बोरू देऊन मोडी लिहायला सांगणे.

लांबीचेही थोडे सांगायला हवे. सहा-सात फुटी आखूड होडी चटकन वळते. इतकी चटकन, की सरळ जायचे म्हटले तरी नाक एकदा इकडे, एकदा तिकडे. सात-आठ वर्षांच्या मुलांना ती गोल-गोल फिरण्याची मौज पुरते. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र कुठेतरी जायचे असते. पलीकडच्या काठावरच्या वडापर्यंत जाऊन यायचे, हा त्याचा बेत. त्याला सरळ चालणारी होडी हवी. याउलट मुलगा चौदाव्या वर्षीच साडेपाच फुटांचा झाला असेल, तर 'मुलांची' अशी पाटी शोधत बसू नये. सडपातळ मोठ्या माणसाला बसेल अशी होडी घ्यावी. माप वयाचे घ्यायचे नसते, अंगाचे घ्यायचे असते.

आपल्या मंत्राला अगदीच हाकलून लावावे असे मात्र नाही. त्याला थोडी जागा ठेवली आहे, ती कमरेपाशी नसून पायांपाशी. आत बसायच्या चांगल्या कयाकमध्ये पाय टेकायच्या खुंट्या मागेपुढे सरकतात, पाठीचा टेकाही सरकतो. मुलांची तंगडी आधी वाढते नि कंबर मागाहून भरते, त्यामुळे खुंट्या सरकवत दोन-तीन वर्षे सहज निघतात. काही वल्ह्यांचीही लांबी कमी-जास्त करता येते. शिंप्याने दुमडून ठेवलेली चार बोटे ती हीच. निवडताना एवढे पाहावे की आज सर्वांत जवळच्या खाचेत खुंटी बसवली असता पाय टेकतात की नाहीत.

कयाकचे प्रकार पुष्कळ. आपल्या कामाचे तीन. पहिली वर बसायची. तिला खळगा असा नसतोच. ताटासारखी असते, नि तळाशी आरपार भोके. भोके असलेली होडी म्हटल्यावर आजीच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते! पण होडी आतून पोकळ आणि बंद असते. वर आलेले पाणी त्या भोकांतून खाली जाते. उलटली तर सरळ करून पुन्हा वर चढता येते. आपल्या उबदार पाण्यात, नवशिक्या मुलांसाठी हीच बरी. दुसरी आत बसायची, खळग्याची. ती वेगवान, कोरडी, वाऱ्याला कमी सापडणारी. पण उलटली की तीत पाणी भरते, आणि उलट्या होडीतून सुटून बाहेर कसे यायचे हे जाणत्या माणसाकडून शिकल्याशिवाय तीत मुलाला सोडू नये. तिसरी फुगवायची. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हिचा मोह फार, आणि तो रास्तही आहे; घडी करून माळ्यावर जाते. मात्र हवेचे दोन-तीन निराळे कप्पे असलेली, जाड कापडाची घ्यावी. खेळण्यांच्या दुकानात दोरीला टांगलेली पातळ होडी कयाक नव्हे. ती तरणतलावाच्या उथळ टोकालाच शोभते.

आता अशी गोष्ट, जिच्यात मंत्राला चार बोटेसुद्धा जागा नाही. लाईफ जॅकेट. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून घेतलेले मोठे जॅकेट पाण्यात पडताच वर सरकते. जॅकेट तरंगते आणि मूल त्याच्या आत खाली जाते. जॅकेटवर किती वजनाच्या माणसासाठी ते आहे हे लिहिलेले असते. ते वाचून, मुलाचे वजन करून घ्यावे. सगळे पट्टे आवळावेत आणि खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर कानांपर्यंत आले तर परत करावे. ज्यांना पोहता येते त्यांच्यासाठी एक हलके जॅकेट असते, त्याच्यावर ५० न्यूटन असा आकडा असतो. १०० किंवा अधिक आकड्याचे जॅकेट पाण्यात पडलेल्याला उताणे करण्याच्या दृष्टीने केलेले असते. पोहण्यात कच्चे असलेल्यासाठी दुसरे. पण खरे म्हणजे पोहता येणे आधी, होडी नंतर. जॅकेटला एक शिट्टी बांधावी. आणि जॅकेट बाबांनीही घालावे. नाहीतर मुलाला वाटते, ही लहानपणाची शिक्षा आहे.

रंगाची निवड मुलांकडे सोपवू नये. त्यांना निळी नाहीतर काळी होडी आवडते. लांबून पाण्यावर दिसतात ते नारिंगी, पिवळा आणि लाल. काठावरच्या आईला जो रंग दिसेल तो घ्यावा.

काठावरची आई म्हटल्यावर अवघड प्रकरणाकडे यावेच लागते. पुष्कळ घरांतून या सगळ्या खटाटोपावर एक सोपा तोडगा निघतो : दोघांची कयाक घ्या. पुढे मूल, मागे बाबा. काळजी मिटली.

कर्ली नदीच्या खाडीत अशी एक जोडी मी पाहिली आहे. मुलगा असेल बारा-तेरा वर्षांचा. बाबा मागून सांगत होते, "डावीकडे मार. अरे डावीकडे! आता थांब. थांब म्हटलं ना!" मागच्याचे वल्हे पुढच्याच्या वल्ह्यावर खटाखट आपटत होते. बाबांच्या वजनाने मागचे टोक दबले होते आणि मुलाकडचे नाक हवेत. "बाबा, मी एकट्याने मारू का?" असे त्याने दोनदा विचारले. "तू नुसता बस, मी नेतो," असे उत्तर दोन्ही वेळा मिळाले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि माडांकडे पाहत बसला. काठाला लागल्यावर होडीवाल्या म्हाताऱ्याने एक लहान होडी पायाने पुढे ढकलली आणि म्हणाला, "सायबानू, तेका येकट्याक सोडा. खंय जातलो तो?"

त्या प्रश्नाचे उत्तर बाबांपाशी नव्हते. खाडीचे पाणी तिथे शांत होते, अंगात जॅकेट होते, म्हातारा स्वतः दुसऱ्या होडीत बसून मागे जाणार होता. मुलगा गेला. पन्नास हात लांब गेल्यावर होडी आडवी झाली. बाबा तोंडाला हात लावून ओरडणार, तोच त्याने एका बाजूला दोनदा वल्हे मारून ती आपली आपण सरळ केली. काठावरून सांगितले असते तर बहुधा उलटेच झाले असते. डावे-उजवे हे मागून ऐकून कळत नाही. होडी फिरल्यावर कळते.

दोघांची होडी वाईट असे मला म्हणायचे नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी तीच योग्य. नवरा-बायकोसाठीही ती चांगली, संसारात एकमेकांची लय किती जुळली आहे हे पाच मिनिटांत समजते. पण वाढत्या मुलासाठी ती घ्यायचीच असेल तर एक पथ्य पाळावे. होडीची दिशा मागच्याच्या हातात असते, लय पुढच्याच्या. मूल दहा-अकराचे झाले की त्याला मागे बसवावे आणि आपण पुढे बसावे. काय होईल? आपली पाठ मुलाकडे होईल. तो काय करतो ते दिसणार नाही. होडी वाटेल तशी वळेल आणि आपण फक्त वल्हे मारत राहू. बापाला हे अवघड जाते. पण एकट्याच्या होडीत मुलाला सोडण्याआधी बापाने करायचा अभ्यास तो हाच. ग्रीनलंडच्या लोकांनी उमिआक आणि कयाक वेगळ्या का ठेवल्या, हे त्या पुढच्या आसनावर बसल्यावर नीट उमजते.

एकट्याला सोडायचे म्हणजे वाऱ्यावर सोडायचे नव्हे. मुलाने पाण्याविषयी जे शिकायला हवे ते आधी आपण शिकायला हवे. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने आपल्याकडे यासाठी उत्तम. पावसाळ्यात नदी नको, समुद्र नको, ओढाही नको. खाडीत उतरायचे तर भरती-ओहोटीच्या वेळा विचाराव्यात; ओहोटीचे पाणी मुखाकडे, म्हणजे समुद्राकडे ओढते. सकाळी जावे, दुपारचा वारा सुटण्यापूर्वी यावे; निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमलेल्या अंगाने परतताना वारा पाठीशी असतो. बंधाऱ्याच्या जवळ जाऊ नये, वरूनही नाही आणि खालूनही नाही. खालचे घुसळणारे पाणी माणसाला धरून ठेवते. धरणाच्या जलाशयात उतरण्याआधी परवानगीची चौकशी करावी, आणि धरणाखालच्या नदीत पाणी केव्हा सोडतात ते विचारावे. कोलाडची कुंडलिका नदी भिऱ्याच्या वीजघराचे पाणी सुटले की भराभर चढते. तिथला तराफ्यांचा खेळ त्या पाण्यावरच चालतो, पण तो वाटाड्यांचा प्रांत, आपल्या दहा फुटी होडीचा नव्हे.

आणि विकत घेण्याआधी भाड्याच्या होडीत चार-पाच वेळा बसवावे. पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात, मुलाला मुद्दाम होडी उलटायला सांगावे. एकदा नव्हे, पाच वेळा. उलटलेली होडी सरळ करून तो आपला आपण वर चढला की निम्मी खरेदी झाली. ज्या होडीवर त्याला चढता येत नाही ती कितीही सवलतीत मिळाली तरी त्याची नव्हे. बुडण्याची भीती बहुधा अशीच जाते. आपल्या घरांतून 'पाण्याशी खेळ नको' हे वाक्य जितक्या वेळा म्हटले जाते, तितक्या वेळा मुलांना पाण्यात नेऊन खेळ कसा करावा हे दाखवले, तर आयांना झोप अधिक शांत लागेल.

मापाची होडी काय करू शकते याचा एक दाखला देतो. ग्वाल्हेरची प्राची यादव हिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. ती आधी पोहण्यात होती, मग होडीकडे आली. भोपाळच्या तलावात तिने सराव केला. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली ती 'वा' नावाच्या होडीच्या अंतिम शर्यतीत पोचली. गंमत अशी की ती 'वा' म्हणजे पॅसिफिक बेटांवरची उलांडीची होडी, आपल्या कोकणातल्या होडीची लांबची बहीण. पुढे २०२३ साली हांगचौच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत प्राचीने कयाकमध्ये, बिनउलांडीच्या होडीत, सुवर्णपदक मिळवले. अशा शर्यतींत आसन खेळाडूच्या अंगाला बेतून बसवतात. अंगाला होडी बसली की पायांचे उणेपण पाण्यावर आड येत नाही. 'मुलीची जात, तिला कशाला होडी' असे म्हणणारे काका कुठल्या घरी अजून असलेच, तर त्यांना हे अवश्य सांगावे.

उरला प्रश्न जागेचा आणि पैशाचा. दहा फुटी वस्तू फ्लॅटमध्ये ठेवायची कुठे? १९३२ साली ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन माणूस घडीची कयाक घेऊन डॅन्यूब नदीतून निघाला आणि सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वाटेत कराचीकडून आपल्याच पश्चिम किनाऱ्याने तो खाली सिलोनकडे गेला. पोचला तेव्हा युद्ध सुरू झाले होते, म्हणून जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध केले. त्याला पोहता येत नव्हते असे सांगतात. तेवढा भाग मुलांच्या कानावर घालू नये. घडीच्या होड्या आजही मिळतात, पण महाग. त्यापेक्षा सोसायटीतल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून निरनिराळ्या मापांच्या दोन होड्या घ्याव्यात हे शहाणपणाचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुठेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे, त्याचा 'रिगाटा' १९२८ पासूनचा. तिथे कोणी विद्यार्थी आपापली होडी बगलेत मारून येत नाही. होडी क्लबाची, पाळी प्रत्येकाची. वाहनतळाच्या भिंतीला दोन रुंद पट्टे लावून होडी कुशीवर टांगावी. ऊन लागू देऊ नये, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. एवढे सांभाळले तर ती कित्येक वर्षे टिकते.

म्हणजे शेवटी आपला जुना हिशेब बुडत नाही, फक्त त्याची रीत बदलते. आजवर एकाच मुलासाठी मोठी वस्तू घेऊन आपण त्याला तीत वाढवत होतो. इथे वस्तू आहे तेवढीच राहते, आणि तीत बसणारी मुले बदलतात. थोरलीची पुस्तके धाकट्याला आणि धाकट्याची शेजारच्या वेणूला, ही रीतही आपलीच आहे. दोन-तीन वर्षांनी एखाद्या सकाळी थोरलीचे गुडघे कडेला लागतील, होडी पाण्यात जास्त रुतेल, आणि ती म्हणेल, "आई, ही आता लहान होते." तेव्हा पैसे पाण्यात गेले म्हणून हळहळू नये, ते पाण्यात जावेत म्हणूनच खर्च केले होते. टेप काढावी, धाकट्याला भिंतीशी उभे करावे, दोन्ही हात पसरायला सांगावे आणि त्याची वाव मोजून पाहावी.